राजगडाच्या पायथ्याशी जगाचा इतिहास

शाळेत न जाता घरीच अध्ययन करणाऱ्या कुमारवयीन मुलांना सतराव्या शतकातील जगाचा इतिहास शिकवू इच्छिणाऱ्या पालकांस माझी नम्र सूचना अशी, की त्याचा आरंभ लिस्बन वा लंडनपासून न करता भोर-वेल्ह्याच्या मुलखापासून करावा. ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याच्या कैदेतून निसटलेले शिवाजी महाराज ज्या राजगडावर परतले, त्याच्या संजीवनी माचीवर बसून मुलांना सांगावे, की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लंडन शहर आगीत होरपळत होते, आणि तेथील राजा दुसरा चार्ल्स याने पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहात पदरी पडलेली मुंबई १६६८ साली सालिना अवघ्या १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. शिदोरी सोडताच ठेचा दिसेल. त्यातील मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली, हेही तेथेच सांगावे.

तारखांसाठी भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांची शकावली मला सर्वांत मोलाची वाटते. तिचा आरंभ १६१८ मधील औरंगजेबाच्या जन्माच्या नोंदीने होतो, आणि युरोपातील तीस वर्षांचे युद्धही त्याच वर्षी पेटले! मुलांनी वहीच्या डाव्या पानावर शकावलीतील नोंदी लिहाव्या, उजव्या पानावर त्याच वर्षीच्या परमुलखांतील घडामोडी स्वतः शोधून मांडाव्या. पाठांतराने जे वर्षभरात साधत नाही, ते या उद्योगाने सहज साधते.

पावसाळा सरला, की वही घेऊन मुलांसह गुंजवण्याच्या वाटेने गडावर अवश्य चढावे.