वेगासाठी पहारा उठवावा का?

आमच्या संगणक कक्षात जुन्या यंत्रांवर लिनक्स चालते. "सर, मिटिगेशन्स ऑफ केलं की मशीन पळतं म्हणे. करू का?" हा कॅडेटांचा नेहमीचा प्रश्न. उत्तर देण्याआधी हा पहारा कशासाठी बसवला ते पाहू.

वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर अंदाज बांधतो. अटीचा निकाल लागण्यापूर्वीच तो पुढच्या सूचना पार पाडून ठेवतो आणि अंदाज चुकला तर ते काम रद्द करतो. पण रद्द केलेल्या कामाच्या खुणा कॅश या जलद मेमरीत राहतात. कोणती माहिती किती लवकर हाती येते हे मोजले, की त्या खुणांवरून दुसऱ्याचे गुपित ओळखता येते. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी हे दोष जाहीर झाले.

दोष प्रोसेसरचा, पण बंदोबस्त कर्नलला करावा लागला. (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नलसाहेब नव्हेत!) मेल्टडाउन रोखण्यासाठी कर्नलने आपल्या मेमरीचा नकाशा इतर प्रोग्रॅमपासून वेगळा केला. आता फाइल किंवा नेटवर्कसाठी प्रोग्रॅमने कर्नलला हाक मारली, की दर वेळी नकाशा बदलावा लागतो. त्यामुळे डेटाबेससारखी कामे मंदावतात. नुसत्या आकडेमोडीला फारसा फरक पडत नाही.

2019 च्या लिनक्स 5.2 पासून बूट करताना 'मिटिगेशन्स=ऑफ' लिहिले, की असे बहुतेक बंदोबस्त एकदम उठतात.

माझी कसोटी एकच आहे: या यंत्रावर परक्याचा कोड चालतो का? नेटवर्कला न जोडलेले, फक्त आपलाच प्रोग्रॅम चालवणारे यंत्र असेल तर विचार करता येईल. पण ब्राउझर उघडला, की प्रत्येक संकेतस्थळाची जावास्क्रिप्ट म्हणजे परक्याचाच कोड. पालकांनी घरच्या ज्या संगणकावर बँकेचा पासवर्ड टाकला, त्यावर हा धोका पत्करू नये. अशी चोरी झाली तरी नेहमीच्या लॉगमध्ये तिची नोंद सापडत नाही.

शिवाय नव्या प्रोसेसरांत मेल्टडाउनसारखे काही दोष मुळातच दुरुस्त केलेले असतात. तिथे पहारा उठवून मिळणारा वेगही थोडाच. टर्मिनलवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली, की आपल्या प्रोसेसरला कोणते दोष लागू आहेत ते दिसते.

आमच्या कक्षातील यंत्रांवर अनेक जण लॉगिन करतात आणि इंटरनेटही चालते. म्हणून कॅडेटांना माझे उत्तर: नाही.