भिंतीलगतचं झाड आणि नळाचं पाणी

वॉर्डात ड्युटीवर असताना काविळीचा पेशंट आला की मी आधी विचारायचे, "पाणी कुठलं पिता?" नोकरी सोडून वस्तीत काम करायला लागल्यावर त्यात आणखी एक प्रश्न वाढला, "घराला लागून झाड कुठलं आहे?"

हसू नका. आमच्या विहाराच्या मागे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी 14 एप्रिलला पिंपळ लावला. श्रद्धेने लावला, पण शेजारच्या मावशींच्या भिंतीपासून जेमतेम दोन हातांवर. पिंपळ वाढला, मावशींच्या मोरीची भिंत तडकली, चेंबर वरचेवर तुंबू लागलं. मग एका पावसाळ्यात त्यांच्या सुनेला कावीळ झाली. तिला सातवा महिना होता. गल्लीत आणखी तीन घरांत तोच आजार. सून वाचली, बाळही वाचलं, पण ते दिवस मी विसरलेले नाही.

कावीळ पिंपळामुळेच झाली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. खोदल्यावर दिसलं ते सांगते. ड्रेनेजच्या पाइपाचा जोड सुटलेला, आत केसांच्या जटेसारखा मुळांचा गुंता, आणि वीतभर अंतरावर पिण्याच्या पाण्याची गंजलेली लाइन. मुळं सहसा धडधाकट पाइप फोडत नाहीत. जिथे ओल झिरपते, सांधा ढिला असतो, तिथे ती शिरतात आणि फट वाढवतात. मैला बाहेर झिरपतो. आपल्याकडे नळ दिवसातून तास-दोन तास येतो. पाणी बंद झालं की लाइनमधला दाब जातो आणि गंजलेल्या भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून नळाचं सुरुवातीचं पाणी कधी गढूळ येतं, कधी वास मारतं.

हेपॅटायटिस-ई हा आजार असाच मैलामिश्रित पाण्यातून पसरतो. एरवी माणूस बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जिवावर बेतू शकतो. शिवाय लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात, त्यामुळे आजचा ताप आणि महिन्यापूर्वीचं पाणी यांची सांगड कुणी घालत नाही. तोवर लोक गळ्यात काविळीची माळ घालून मोकळे झालेले असतात. पाण्याला वास आला तर उकळून प्या आणि पाणी खात्यात लेखी तक्रार द्या. घरात गरोदर बाई असेल तर उद्यावर ढकलू नका.

झाड काढायचा विषय विहाराच्या बैठकीत निघाला तेव्हा एक ज्येष्ठ उपासक उठून निघून गेले. बोधिवृक्षावर कुऱ्हाड? त्यांचं दुःख खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, दादा, बोधगयेच्या बोधिवृक्षाच्या फांद्यांनाही लोखंडी टेकू दिलेत आणि देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्याची तब्येत तपासतात. आपण आपल्या पिंपळाला दोन हात जागा दिली आणि विसरलो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, अर्जावर पहिली सही माझी घे.

अर्ज हवाच. झाड आपल्या अंगणात असलं तरी महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, सोबत तडकलेल्या भिंतीचे, चेंबरचे फोटो. जागेची पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात. जिवाला किंवा मालमत्तेला धोका असलेल्या झाडाची परवानगी नाकारू नये, असं कायदाच सांगतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचं संरक्षण आहे, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावण्याची अट आहे. रात्री बुंध्यात भोक पाडून ॲसिड ओतणारे महाभाग मी पाहिलेत. तो गुन्हा तर आहेच, वर वाळलेलं झाड कुणाच्या पत्र्यावर पडेल याचा नेम नाही.

पण प्रत्येक झाड काढायचं नसतं. कित्येकदा दोष आपला असतो. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून आपणच मुळं गुदमरवतो, मग झाड कलतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. ते कुठल्याही गल्लीत करण्यासारखं आहे. वाळलेली फांदी तेवढी छाटून भागत असेल तर तेवढीच छाटा, अर्थात परवानगीने. आणि भिंतीच्या फटीत बोटभर पिंपळ दिसला तर तेव्हाच मुळासकट काढून कुंडीत लावा. नुसता वरून खुडला तर पुन्हा फुटतो.

नवीन सोसायट्यांच्या कुंपणाला हिरवीगार भिंत म्हणून कोनोकार्पस लावतात. परदेशी, झपाट्याने वाढणारं झाड. परागकणांमुळे सर्दी, खोकला, दम्याचा त्रास आणि मुळांमुळे केबल व ड्रेनेजचं नुकसान, ही कारणं देऊन गुजरातच्या वन विभागाने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. दम्याचं मूल घरात असताना तुम्ही ते कशाला लावता?

आमचा पिंपळ परवानगीने काढला. पाइप बदलला, पाण्याची लाइन पालिकेने वर उचलून घेतली. त्यासाठी चार फेऱ्या माराव्या लागल्या. जागेवर भिंतीपासून आठ फूट सोडून पारिजातक लावला आहे. बाकीची रोपं मैदानाच्या कडेने आहेत, करंज, बहावा, तामण, आणि मधोमध मोकळ्या जागेत पिंपळ. ते रोप दादांनी लावलं. उन्हाळ्यात पाणी कुणी कधी घालायचं ते विहाराच्या फळ्यावर लिहिलंय. मंगळवार माझा आहे, शुक्रवार मावशींच्या सुनेचा.