खालचे दोन खण

देवघेवीच्या टेबलापासून चार पावलांवर एक काचेचं कपाट आहे. वर ‘नवीन पुस्तके’ अशी पाटी, आत पाच खण. वरच्या तीन खणांत कथा-कादंबऱ्या. संध्याकाळी सहानंतर तिथे इतके हात जातात, की कपाटाचं दार लावायची वेळच येत नाही. खालच्या दोन खणांत उरलेलं सगळं : चरित्रं, इतिहास, शेती, आरोग्य, कायदा, गुंतवणूक, विज्ञान, प्रवास. तिथलं पुस्तक बघायला वाकावं लागतं. म्हणून ग्रंथपाल बाई रोज सकाळी त्या दोन खणांतली दोन-तीन पुस्तकं काढतात आणि टेबलावर, वर्गणीच्या पावतीपुस्तकाशेजारी, उभी करून ठेवतात. संध्याकाळपर्यंत त्यांतलं एखादं तरी कुणाच्या पिशवीतून घरी जातं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. खाली वर्तमानपत्रांची मेजं आणि देवघेव विभाग, वर अभ्यासिका. महाराष्ट्रात अशी शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या पुढे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत हे कपाट कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतं. कादंबरीचं बरं चाललंय की नाही, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. खालच्या दोन खणांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्यांना धड नावही नाही. कुणी ‘वैचारिक’ म्हणतं, कुणी ‘माहितीपर’, कुणी ‘ललितेतर’, आणि कशातच न बसणारं ते ‘संकीर्ण’.

सुरुवात मात्र याच पुस्तकांपासून झाली होती. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. पुण्यात १८४८ मध्ये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली आणि तिच्या उभारणीत लोकहितवादींचा पुढाकार होता. मराठी कादंबरीचा तेव्हा जन्मही व्हायचा होता. लोक जगाची खबर घ्यायला वाचनालयात येत. पुढे कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला. राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा, तो १ मे १९६८ पासून लागू झाला. मद्रासनं १९४८च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर ठेवला होता, महाराष्ट्रानं तसा कर ठेवला नाही. त्यामुळे आपली वाचनालयं नोंदणीकृत संस्था चालवतात, सभासद वर्गणी भरतात आणि सरकार अ, ब, क, ड या वर्गवारीप्रमाणे अनुदान देतं. इतिहास एवढा पुरे, कारण या वाचनालयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे.

ती म्हणजे दाखल नोंद रजिस्टर. लाल कापडी पाठीचं, दोन्ही हातांनी उचलावं लागणारं. नवीन पुस्तक दुकानातून आलं म्हणजे वाचनालयाचं झालं असं नाही. ते या रजिस्टरात चढलं, की झालं. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, पुरवठादार, बिल क्रमांक, वर्गांक आणि शेवटी ‘शेरा’ असा अरुंद रकाना. एका ओळीत एक पुस्तक. क्रमांक एकदा दिला, की तो दुसऱ्या पुस्तकाला कधीही मिळत नाही. पुस्तक हरवलं, फाटलं, रद्द झालं, तरी ओळ तशीच राहते.

नोंद झाल्यावर पुस्तकाचं सगळं अंग बदलतं. मुखपृष्ठाच्या आत खिसा चिकटतो, त्यात पुस्तक कार्ड जातं. शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख पट्टी, पाठीवर वर्गांकाचं लेबल. शीर्षकपानावर शिक्का. आणि आणखी एक शिक्का गुप्त पानावर. हे पान प्रत्येक वाचनालयानं स्वतःपुरतं ठरवलेलं असतं आणि तिथल्या प्रत्येक पुस्तकात ते तेच असतं. कुणी खिसा उपटला, लेबल खरवडलं, पहिलं पान फाडलं, तरी त्या पानावर दाखल क्रमांक सापडतो. या वाचनालयाचं गुप्त पान कोणतं, हे बाईंनी सांगितलं नाही आणि ते योग्यच केलं.

पाठीवरचा वर्गांक मेल्विल ड्युईच्या १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीचा. सगळ्या ज्ञानाची शून्य ते ९९९ अशी घरं. कायदा ३४०मध्ये, शेती ६३०मध्ये, स्वयंपाक ६४१मध्ये, खगोलशास्त्र ५२०मध्ये. या हजार घरांत मराठी साहित्याच्या वाट्याला आलेला कोनाडा ८९१.४६, म्हणजे एका घरातही दशांशचिन्हापलीकडचा. गावच्या वाचनालयात मात्र बहुतेक भिंती या एका कोनाड्यानं व्यापलेल्या असतात आणि बाकीची सगळी घरं दोन-चार कपाटांत दाटीवाटीनं राहतात.

कादंबरी जुनी झाली तरी खोटी ठरत नाही. ललितेतर पुस्तकाचं तसं नाही. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं आणि ‘नऊ ग्रह’ सांगणारं प्रत्येक पुस्तक त्या दिवशी चुकीचं झालं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, महाराष्ट्राचे पस्तीस जिल्हे सांगणारी पुस्तकं मागे पडली. पण सगळ्यात मोठा तडाखा १ जुलै २०२४चा. त्या दिवशी १८६०ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं ३०२ आता १०३ आहे, आणि शिवीसारखं वापरलं जाणारं ४२० आता ३१८ मध्ये गेलं आहे. वाचनालयातलं फौजदारी कायद्याचं अख्खं फडताळ एका रात्रीत शिळं झालं.

बाईंनी त्या आठवड्यात जे केलं, ते कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. फौजदारी कायद्याचं प्रत्येक जुनं पुस्तक काढून त्यांनी पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवली : ‘यातील कलमे १ जुलै २०२४ पूर्वीची आहेत. नव्या कायद्याचे पुस्तक मागवले आहे.’ एखादा शेतकरी बांधाच्या भांडणात फिर्याद कशी करायची, हे बघायला वाचनालयात येतो. त्याला वकील परवडत नाही आणि मोबाइलवर वाचलेल्यावर त्याचा भरवसा बसत नाही. त्याच्या हातात चुकीचं कलम देणं हा त्यांच्या लेखी गुन्हा आहे. पुस्तकं वाटणाऱ्या माणसानं आपल्या कामाकडे असं पाहावं, याहून मोठी गोष्ट या व्यवसायात दुसरी नसावी.

कुठलं पुस्तक मागवायचं, हे बाई तारीख पट्ट्या वाचून ठरवतात. देवघेवीत पुस्तक परत आलं, की शिक्के बघतात : किती पडले, किती दिवसांच्या अंतरानं पडले. एका चरित्राची पट्टी तीनदा बदलून चौथी लागली आहे. ते ‘एक होता कार्व्हर’. वीणा गवाणकरांनी, म्हणजे ग्रंथपालनाचंच शिक्षण घेतलेल्या लेखिकेनं, लिहिलेलं आणि १९८१ मध्ये राजहंसनं काढलेलं. भुईमुगावर काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय अमेरिकी शास्त्रज्ञाचं हे चरित्र आजही शेतकऱ्यांच्या घरी जातं. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ची प्रत तेलाच्या बोटांनी पारदर्शक झाली आहे. त्यामुळेच ती पुन्हा घेतली. ‘अग्निपंख’ अभ्यासिकेतल्या मुलांमुळे फिरतं. आणि एका जाड, उत्तम छपाईच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकावर चार वर्षांत एकच शिक्का आहे. बाई ते पुस्तकही रद्द करायला तयार नाहीत. तो एक वाचक कोण, हे त्यांना ठाऊक आहे : बँकेतून निवृत्त झालेले काका, त्यांनी ते दोन महिने ठेवून शेवटपर्यंत वाचलं. ‘मॅडम, याचा पुढचा भाग आला का?’ असं ते अजून विचारतात.

टेबलावर आणखी एक वही असते, साधी शंभर पानी. ‘वाचकांची मागणी.’ तिच्यात पहिल्या रकान्यात नाव नाही, पुस्तकाचं शीर्षक. गेल्या काही पानांवर युवाल नोआ हरारींचं ‘सेपियन्स’ मराठीत, म्युच्युअल फंडाचं मराठी पुस्तक, मधुमेहींचा आहार, देशी गाईंचं संगोपन, संभाजी महाराजांवर ‘कादंबरी नको, इतिहास हवा’ अशी ओळ, आणि वर्णनात्मक उत्तरं कशी लिहावीत यावरचं काहीही. ही शेवटची मागणी सात वेळा, सात हस्ताक्षरांत. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्याची ही खूण. वर्षानुवर्षं पर्यायांवर गोल रंगवणाऱ्या मुलांना आता परिच्छेद लिहायचा आहे आणि त्यासाठी गाईड पुरत नाही, पुस्तकं लागतात. अभ्यासिकेतून खाली उतरून त्या दोन खणांपुढे वाकणारे नवे वाचक हेच.

मागणी आहे, जाण आहे, वाचक आहे. मग त्या खणांत पुस्तकं कमी का?

उत्तर रजिस्टरातच आहे. ते ओळी मोजतं. पाचशे रुपयांचं एक पुस्तक घेतलं तर एक ओळ, शंभर रुपयांची पाच घेतली तर पाच ओळी. वाचनालयाचा वर्ग टिकवायचा तर एकूण ग्रंथसंख्या आणि दरवर्षी पडणारी भर दाखवावी लागते. तपासणीला येणारा अधिकारी आकडे बघणार, आणि ते त्याचं कामच आहे. चांगलं ललितेतर पुस्तक जाड असतं, त्यात नकाशे, छायाचित्रं, सूची असते. भाषांतर असेल तर मूळ प्रकाशकाच्या हक्कांचे पैसे असतात. ते स्वस्तात निघत नाही. उलट बाजारात भरघोस कमिशनवर मिळणारी अशी पुस्तकंही आहेत, जी जणू वाचनालयांच्या संख्येची गरज भागवायलाच छापली जातात : इंटरनेटवरून जमवलेली थोरांची चरित्रं, मोठ्या टायपातली घरगुती उपचारांची पुस्तकं, जाड कागद, लेखकाचं नाव अनोळखी, संदर्भ एकही नाही. ती रजिस्टरात सन्मानानं चढतात. खालच्या खणात त्यांच्या रांगा लागतात आणि एखाद्या वाचकाला दोनदा असं पुस्तक मिळालं, की तो तिसऱ्यांदा वाकत नाही. या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे, पैशांच्या टंचाईहूनही मोठा.

टंचाई आहेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारनं अनुदानात ६० टक्के वाढ केली, ती दहा वर्षांनंतरची वाढ होती. मधल्या दहा वर्षांत कागद, छपाई, टपाल, वीज सगळंच वाढलं. २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर अनेक वर्षं नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळणं थांबलं. अनुदान दोन हप्त्यांत येतं, दुसरा बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपता संपता. मग मार्चच्या शेवटच्या दिवसांत पुस्तकं घ्यायची, बिलं लावायची, नोंदी करायच्या अशी घाई. ज्या खरेदीत सगळ्यात जास्त विचार हवा, ती सगळ्यात कमी वेळात होते. ग्रंथालय संचालनालयाच्या निवड समितीची शासनमान्य ग्रंथांची यादी असते आणि तिच्यातून निवड करताना खरा आधारही मिळतो. पण ती एका कॅलेंडर वर्षात छापलेल्या पुस्तकांची, म्हणजे पुढचं वर्ष उजाडल्याशिवाय निघूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून उशीर होतो. कादंबरीला हा उशीर बाधत नाही. नव्या कायद्यावरच्या, नव्या करावरच्या, नव्या परीक्षेवरच्या पुस्तकाचं अर्धं आयुष्य त्यात निघून जातं. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांच्या वाट्याला जोड देऊन वाचनालयांना पुस्तकं पुरवतं. त्या पुस्तकांची पेटी आली की आनंद होतो, पण तिच्यात काय असेल हे मागणीच्या वहीवरून ठरत नाही.

आणि जुनं काढणं नवं आणण्याहून अवघड. त्याला निर्लेखन म्हणतात : यादी करायची, समितीची मंजुरी घ्यायची, ठराव करायचा, मगच शेऱ्याच्या रकान्यात ‘रद्द’. काढलेल्या प्रत्येक पुस्तकागणिक ग्रंथसंख्या एकनं घटते, म्हणून कुणी ते मनावर घेत नाही. परिणामी १९९०च्या दशकातलं संगणकाचं पुस्तक, वस्तू आणि सेवा कराच्या आधीचं विक्रीकराचं पुस्तक आणि नऊ ग्रहांचं पुस्तक जागा अडवून बसतात. नव्याला जागा नाही आणि जुन्याला निरोप नाही.

हे सगळं ज्यांच्या खांद्यावर आहे, त्यांना मिळणारा मोबदला बोलून दाखवण्याजोगा नाही. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात तर कुलूप उघडण्यापासून लेबलं चिकटवण्यापर्यंत सगळं एकच माणूस करतो. वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षांची आहे. त्या माणसानं प्रकाशकांच्या याद्या वाचाव्यात, परीक्षणं चाळावीत, चांगलं-वाईट पारखावं ही अपेक्षा रास्तच आहे, पण त्यासाठी त्याला वेळ आणि पगार दोन्ही द्यावे लागतील. वर्गवारीच्या नियमांत ग्रंथसंख्येबरोबर देवघेवीलाही वजन मिळालं, रीतसर निर्लेखन केलेल्या पुस्तकांमुळे वर्ग घसरणार नाही अशी हमी मिळाली, तर मार्चमधली खरेदी बदलेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, १९७०च्या अनुदान नियमांत दुरुस्ती पुरेशी आहे.

तोवर मागणीची वही आहे. खरेदी समितीच्या बैठकीत बाई ती उघडून ठेवतात. एकाच पुस्तकाची मागणी पाच जणांनी केली असेल, तर स्वस्त पुस्तकांचा आग्रह धरणारे सदस्यही मागे हटतात, असा त्यांचा अनुभव आहे. तेव्हा आपल्या गावच्या वाचनालयात जा आणि ही वही मागा. नसेल, तर एक कोरी वही नेऊन टेबलावर ठेवा. शीर्षक, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि किंमत असं पूर्ण लिहा, म्हणजे मागवताना चूक होणार नाही. आणि पुस्तक आलं, की ते घरी न्या. तारीख पट्टीवर पहिला शिक्का तुमचा पडू द्या.