उसना अखत्यार

धाराशिवच्या तहसील कचेरीत तलाठी, अव्वल कारकून आणि तहसीलदार यांचे अखत्यार निरनिराळे असून तलाठ्याच्या कागदावर तहसीलदाराचा शिक्का जसा रीतसर मार्गानेच उमटावा लागतो, तशीच तरतूद संगणकाच्या कार्यप्रणालीतही असते. लिनक्समध्ये सर्वाधिकारी खात्यास ‘रूट’ म्हणतात. सामान्य खातेदारास वरिष्ठ अधिकाराचे एखादे काम पडलेच, तर त्यासाठी ‘पीकेएक्झेक’ नावाची लहानशी आज्ञावली असते, जी कोणीही चालविली तरी रूटच्याच अखत्याराने चालते आणि परवानगी तपासून पुढचे काम करू देते.

या आज्ञावलीत मे २००९ पासून एक दोष दडून होता. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी तो २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केला. कंपनी अमेरिकेतली, परंतु तिचे मोठे विकासकेंद्र पुण्यात असून मुख्य कार्यकारी अधिकारी सुमेध ठाकर हे पुणे विद्यापीठात शिकलेले अभियंते आहेत.

आज्ञावली सुरू होताना तिला शब्दांची एक यादी मिळते, जिच्यात पहिला शब्द तिचे स्वतःचे नाव असतो. ही यादी कधीच कोरी नसणार असे गृहीत धरून पीकेएक्झेक दुसऱ्या शब्दापासून वाचू लागे. कोणी मुद्दाम कोरी यादी दिली, की मेमरीत लगतच असलेल्या ‘एन्व्हायर्नमेंट’ची, म्हणजे आज्ञावलीला सोबत मिळणाऱ्या सेटिंगांच्या यादीची, पहिली नोंद तिच्या हाती लागे, आणि ती केवळ वाचून न थांबता तेथे लिहीतही असे. ज्या घातक नोंदी प्रणाली आरंभीच गाळते, त्यांतलीच एखादी या चोरवाटेने परत आत येई. मग चूक दर्शविणारा संदेश छापण्याच्या निमित्ताने घुसखोराचीच फाइल रूटच्या हुकमतीने चालू लागे आणि सामान्य खातेदार सर्वाधिकारी होई. रायन मॅलन नावाच्या एका जाणकारांनी कोऱ्या यादीचा हा विचित्रपणा २०१३ मध्येच नोंदविला होता, परंतु त्यातून अधिकार मिळविण्याची वाट त्यांना सापडली नव्हती. ती नोंद तशीच पडून राहिली, याची मला मनापासून खंत वाटते.

हल्ल्यासाठी यंत्रावर आधी खाते लागते. म्हणून धाराशिव वा उमरग्याच्या एखाद्या महाविद्यालयात, जेथे एकाच सर्व्हरवर अनेक विद्यार्थ्यांची खाती असतील, तेथे या दोषाची दखल विशेष निकडीने घ्यावयास हवी. उबुंटू, डेबियन, फेडोरा या लिनक्स-वितरणांच्या दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. लिनक्सच्या गाभ्याच्या ५.१८ या आवृत्तीत तर कोऱ्या यादीत एक रिकामा शब्द घालण्याचीच व्यवस्था झाली. दुरुस्त आवृत्ती बसेपर्यंतचा तात्पुरता इलाज म्हणजे ‘सीएचमॉड ०७५५’ हा हुकूम देऊन पीकेएक्झेकला उसना दिलेला अखत्यार काढून घेणे. त्यानंतर फाइलच्या परवान्यांतील ‘एस’ या अक्षराच्या जागी ‘एक्स’ दिसले, की अखत्यार खरोखर परत आला असे समजावे. पीकेएक्झेकवर अवलंबून असलेली कामे मात्र दुरुस्त आवृत्ती बसेपर्यंत अडून राहतील.