माशाचे पर झडू लागले तर? काचेच्या टाकीचा धंदा करणाऱ्यांसाठी

थोड्या भांडवलात व लहान जागेत सुरू होणाऱ्या धंद्यांत शोभेच्या माशांचे दुकान मोडते. बारामती व इंदापूर भागातील जे बांधव हा धंदा करतात किंवा करू पाहतात, त्यांना नफ्याचा हिशोब लवकर समजतो. नुकसान कोठून येते ते उशिरा समजते. कापड गाठीत महिनाभर पडून राहिले तरी त्याला भाव असतो. मासा हा जिवंत माल आहे. आजारी पडला की चार दिवसांत जातो व सोबतचा मालही घेऊन जातो.

असा माल मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट, कुर्ल्यासारख्या बाजारांतून किंवा थेट चेन्नईच्या कोळत्तूरहून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येतो. प्रवासात माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडला जातो. तो थर म्हणजे त्याचे कवचच. तो गेला की पाण्यातले नेहमीचे जंतूही कातडीत शिरतात आणि अंग झडू लागते.

रोगाची ओळख

पराची कड पांढुरकी होऊन लुगड्याच्या उसवलेल्या काठासारख्या दशा निघू लागल्या व झीज रोज आत सरकू लागली, तर ती जंतूंमुळे होणारी कुज होय. पर एकाच जागी तुटलेला असून कड स्वच्छ असेल, तर दुसऱ्या माशाने चावा घेतला आहे असे समजावे. तेथे औषधाआधी मासे वेगळे करावेत. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा राखाडी डाग दिसला तर 'कॉलमनारिस' या रोगाचा संशय घ्यावा. तो उष्ण पाण्यात झपाट्याने वाढतो, म्हणून अशा वेळी हीटर लावू नये. जुन्या जखमेवर रुईसारखे तंतू उभे राहिले तर बहुधा बुरशी असते. सर्वच मासे एकदम वर येऊन तोंड उघडू लागले तर प्रथम पाणी तपासावे.

उपाय

पहिले औषध म्हणजे चांगले पाणी. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया साठतो. तो पचविणारे उपयुक्त जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवावेत. रोग दिसताच पाव हिस्सा पाणी बदलावे व खाद्य कमी करावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्यासाठी हायपो वापरतात. ब्लीच केलेल्या कापडातील क्लोरीन काढणारा हायपो तो हाच.

आजारी मासा वेगळ्या टबात काढावा. दर लिटर पाण्यास 1 ते 3 ग्रॅम जाडे मीठ, म्हणजे 20 लिटरच्या टबास 20 ते 60 ग्रॅम, वेगळे विरघळवून हप्त्याहप्त्याने घालावे. काही कॅटफिशना व वनस्पतींना मीठ सोसत नाही. बुरशीवर मेथिलिन ब्लू उपयोगी पडते, पण ते मुख्य टाकीत टाकू नये. फिल्टरमधले उपयुक्त जीवाणू मरतात. माणसांच्या गोळ्या-कॅप्सूल अंदाजाने फोडून घालणे बंद करावे. कुज थांबत नसेल तर पशुवैद्यकास विचारावे.

एक इशारा कापडवाल्याच्या नात्याने. मॅलकाइट ग्रीन हा मूळचा रेशीम, लोकर व चामडे रंगविण्याचा रंग. रंगाच्या दुकानातला माल माशांसाठी शुद्ध केलेला नसतो. शिवाय त्याचा अंश माशाच्या मांसात दीर्घकाळ राहतो, म्हणून अमेरिका व युरोपात खाण्याच्या माशांवर तो वापरण्यास मनाई आहे. शेततळ्यातल्या माशांवर त्याचा एक थेंबही पडता कामा नये.

प्रवाळाचा मोह नको

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ ठेवण्याची मागणी एखादे शौकीन गिऱ्हाईक करील. प्रवाळाचेही अंग झडते. नुसता रंग गेला पण मांसल थर शाबूत असेल तर ते विरंजन; थर निघून पांढरा सांगाडा उघडा पडला तर ती ऊतींची झीज. परंतु हा विषय आपल्या धंद्याचा नाही. कठीण प्रवाळ 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, व तेथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. असा माल घेणे-विकणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे होय.

रोजची शिस्त

नवा माल 2 ते 3 आठवडे वेगळा ठेवावा. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी असावी व वापरल्यावर वाळवावी. हाताला चीर असेल तर टाकीत हात घालू नये. माशांचा एक जंतू त्यातून माणसाच्या कातडीला चिवट जखमा करतो. आणि आजारी मासा गिऱ्हाइकाच्या पिशवीत कधीही घालू नये. त्याच्या घरची टाकी बसली की त्या गल्लीतले गिऱ्हाईक तुटते. चार मासे फुकट गेले तर ते नुकसान महिन्यात भरून निघते. गेलेला भरवसा मात्र उधारीवरही परत मिळत नाही.