एवढ्या ठेवी, मग तोटा कसा?

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की घरोघर रद्दीचा एक ढीग साचतो. त्यात जुनी मासिके असतात, लग्नपत्रिका असतात, आणि तळाशी, बहुधा न उघडलेला, आपल्या बँकेचा वार्षिक अहवाल असतो. आमच्या सातारा-सांगलीकडे घरातले कोणी ना कोणी एखाद्या बँकेचे भागधारक किंवा सभासद असावयाचेच. सभेची तारीख कोणती आणि लाभांश किती टक्के, एवढे पाहून अहवाल मिटला जातो. पुढची पाने आकड्यांची. ती वाचणे हे हिशेबतपासनिसाचे काम, अशी आपली ठाम समजूत.

मला मात्र त्यातले एक पान वाचावयाचा नाद आहे. ते पान म्हणजे नफा-तोटा पत्रक. ज्या गृहिणीला वाण्याची वही जुळवता येते, तिला हे पान खात्रीने वाचता येईल. आणि ज्या घराची पुंजी बँकेत आहे, त्या घराने ते वाचलेच पाहिजे, असे माझे मत आहे. हे मत पुस्तके वाचून झालेले नाही. आमच्याच दोन गावांनी ते मला शिकविले.

दोन गावे, दोन बँका

सांगली बँक स्थापन झाली १९१६ साली, संस्थानी अमदानीत. सातारची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची. तिचे संस्थापक अण्णासाहेब चिरमुले. त्यांनीच १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स ही विमा कंपनी काढली होती. ती कंपनी १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात आयुर्विमा महामंडळात गेली. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ आणि १९८० साली झाले, परंतु ते मोठ्या बँकांचे. आमच्या ह्या दोन्ही बँका खाजगी राहिल्या आणि गावच्या राहिल्या. शिक्षकाचा पगार, पेन्शनरांची मुदत ठेव, व्यापाऱ्याची हुंडी, लेकीच्या लग्नासाठी उघडलेले आवर्त खाते, सारे तेथेच. बँक आपली, मॅनेजर ओळखीचा. मग अहवाल कशाला वाचावयाचा?

२००६ सालच्या गणेशोत्सवात, २ सप्टेंबरला, युनायटेड वेस्टर्न बँकेच्या व्यवहारांवर स्थगिती आली. कोणाही ठेवीदाराला दहा हजार रुपयांहून अधिक रक्कम काढता येईना. घरात गणपती बसलेले, आणि पुंजी बँकेत अडकलेली! सुदैवाने हे संकट एका महिन्यात सरले. ३ ऑक्टोबर २००६ रोजी ती बँक आयडीबीआय बँकेत विलीन झाली आणि ठेवी सुरक्षित राहिल्या. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये मिळाले. सांगली बँकेने स्थगितीची वेळ येऊ दिली नाही. डिसेंबर २००६ मध्ये विलीनीकरण जाहीर झाले आणि एप्रिल २००७ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत गेली. नऊशे पंचवीस शेअरांना त्या बँकेचे शंभर शेअर, असा हिशेब ठरला. साताऱ्याची बँक सत्तर वर्षांची, सांगलीची नव्वद. सहा-आठ महिन्यांत दोन्ही पाट्या उतरल्या.

त्याच दिवसांत सांगलीच्या माझ्या एका मावशीने विचारले, “अरे, दोन हजार कोटींच्या ठेवी आहेत म्हणतात. एवढ्या ठेवी असून तोटा कसा येईल रे?”

मी म्हटले, “मावशी, ठेवी बँकेच्या कुठे आहेत? त्या तुझ्याच आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे बँक तुझी देणेकरीण आहे. तू सावकार!”

मावशी हसली. परंतु ही थट्टा नव्हती. नफा-तोटा पत्रक वाचण्याची हीच पहिली किल्ली आहे.

आडत्याच्या दारातील हळद

सांगलीच्या मार्केट यार्डात आडत्याच्या दुकानापुढे हळदीच्या पोत्यांची थप्पी लागलेली दिसते. परगावच्या पाहुण्याला वाटावे, केवढा हा श्रीमंत माणूस! वास्तविक माल शेतकऱ्याचा असतो. आडत्याची कमाई काय ती आडत. बँकेच्या ठेवीही तशाच परक्याच्या. फरक एवढाच, की आडत्या हळद वापरीत नाही. बँक आपला पैसा दुसऱ्याला कर्जाऊ देते आणि आपल्याला त्याचे व्याज देते. घरात आलेला पगार हे आपले उत्पन्न. बँकेत आलेली ठेव हे बँकेचे देणे. म्हणून ठेव नफा-तोटा पत्रकात उत्पन्नाच्या बाजूला कधीच दिसत नाही. तेथे दिसते ते तिच्यावरील व्याज, आणि तेही खर्चाच्या बाजूला.

पत्रकाचा नमुना १९४९ च्या बँकिंग रेग्युलेशन कायद्याने ठरवून दिला आहे. उत्पन्नाच्या दोन ओळी: मिळालेले व्याज आणि इतर उत्पन्न. खर्चाच्या तीन: दिलेले व्याज, कामकाजाचा खर्च आणि तरतुदी. अशा पाच ओळींत सारी बँक मावते.

शंभर रुपयांची बँक

समजण्यासाठी आपण एक काल्पनिक बँक काढू. तिच्याकडे ठेवी फक्त शंभर रुपयांच्या. त्यांतले ५ रुपये रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी ठेवावे लागले. २५ रुपये सरकारी रोख्यांत सात टक्क्यांनी गुंतविले. त्यांचे १ रुपया ७५ पैसे आले. उरलेले ७० रुपये दहा टक्क्यांनी कर्जाऊ दिले; त्यांचे ७ रुपये आले. मिळालेले व्याज एकूण ८ रुपये ७५ पैसे.

आता ठेवीदारांना सरासरी साडेपाच टक्के द्यावयाचे. राहिले ३ रुपये २५ पैसे. बँकेची खरी कमाई ही. तिला निव्वळ व्याज उत्पन्न म्हणतात. लॉकरचे भाडे, ड्राफ्टचे कमिशन, रोखे विकून झालेला फायदा ह्या इतर उत्पन्नाचे ७५ पैसे धरा. झाले ४ रुपये. त्यांतून पगार, जागेचे भाडे, वीजबिल, संगणक, छपाई ह्यांचे अडीच रुपये गेले. हाती उरला दीड रुपया. ह्याला ढोबळ नफा म्हणू.

शंभर रुपये सांभाळून दीड रुपया! आणि हा दीड रुपयाही अद्याप बँकेचा झालेला नाही. पाचवी ओळ बाकी आहे.

पाचवी ओळ

ती ओळ तरतुदींची. समजा, दर वीस कर्जदारांत एकाने हात वर केले. सत्तर रुपयांपैकी साडेतीन रुपये अडकले. त्यांचे व्याज, म्हणजे ३५ पैसे, बुडाले. ढोबळ नफा १ रुपया १५ पैशांवर आला. तारण विकून निम्मे मुद्दल वसूल झाले असे उदारपणे धरले, तरी १ रुपया ७५ पैसे गेलेच. नफ्याच्या जागी ६० पैशांचा तोटा! एकोणीस माणसांनी हप्ता वेळेवर भरला, आणि एकाने सगळ्यांची कमाई खाऊन टाकली.

एवढ्यानेच भागत नाही. ठेवीदाराचे व्याज थांबविता येत नाही आणि मुद्दलाला हात लावता येत नाही. तेव्हा हे साठ पैसे निघतात ते भागधारकांच्या भांडवलातून. तेही आटले, की मग ठेवीची पाळी. भांडवल ही ठेवीदाराच्या पुढे उभी केलेली भिंत आहे. तोटा तिच्या विटा काढीत असतो.

पूर्वी ही ओळ झाकण्याची सोय होती. कर्जदाराने व्याज भरले नाही, तरी “येणे व्याज” म्हणून ते उत्पन्नात धरता येई. पुस्तकात नफा दिसे. तिजोरीत मात्र खडखडाट. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर, १९९२-९३ पासून नियम बदलले. थकलेल्या कर्जाचे व्याज हाती पडल्याखेरीज उत्पन्नात धरावयाचे नाही आणि बुडू पाहणाऱ्या मुद्दलासाठी नफ्यातून रक्कम बाजूला काढावयाची, असे ठरले. थकबाकीची मुदतही घटत गेली आणि मार्च २००४ पासून नव्वद दिवसांवर आली. पीककर्जाला मात्र दिवसांऐवजी हंगाम मोजतात. आमच्याकडचा ऊस काही नव्वद दिवसांत तुटत नाही, एवढे शहाणपण नियमांतही आहे!

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर

ह्या पाच ओळी हाती घेऊन आता सांगली बँकेकडे पाहू. मार्च २००६ अखेर तिच्या ठेवी होत्या २,००४ कोटी रुपयांच्या, आणि निव्वळ कर्जे ८८८ कोटींची. म्हणजे शंभर रुपयांच्या ठेवींपैकी कर्जाऊ गेले होते जेमतेम ४४. बाकीचा पैसा निरुद्योगी नव्हता. परंतु रोख्यांचे व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा सहसा कमीच असते. आपल्या काल्पनिक बँकेत ७० ऐवजी ४४ रुपये कर्ज आणि ५१ रुपये रोखे असे मांडून पाहा. बाकी सारे तसेच ठेवले, तर दीड रुपयाचा ढोबळ नफा ७२ पैशांवर येतो. निम्म्याहून कमी!

दुसरी बाजू खर्चाची. शाखा आणि विस्तार कक्ष मिळून १९८ ठिकाणी कारभार, आणि त्यांतला निम्मा ग्रामीण व निमशहरी भागात. लहान गावातील शाखेत खाती पुष्कळ, रकमा लहान. पाचशे रुपयांच्या पावतीला जेवढा कागद आणि जेवढा वेळ लागतो, तेवढाच पाच लाखांच्या पावतीला. गावाच्या दृष्टीने ही सेवा मोलाची. पत्रकाच्या दृष्टीने तो खर्च. त्या वर्षी सांगली बँकेला २९ कोटी रुपयांचा तोटा झाला. दर शंभर रुपयांच्या ठेवीमागे सुमारे १ रुपया ४५ पैसे. बँकेच्या जोखमीच्या मालमत्तेच्या प्रमाणात भांडवल नऊ टक्के तरी असावयास हवे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक होता. सांगली बँकेचे ते प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली होते, आणि साताऱ्याच्या बँकेचे तर शून्याच्या खाली गेले होते. भिंत संपली होती; म्हणून ठेवीदाराला हात लागण्यापूर्वी दुसऱ्या बँकेच्या भिंतीआड जावे लागले.

चौथी गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ह्या शतकाच्या आरंभी व्याजदर उतरत होते. दर उतरले की जुन्या, जादा व्याजाच्या रोख्यांची किंमत चढते. त्या काळात देशातील अनेक बँकांनी रोखे विकून “इतर उत्पन्न” फुगविले. २००४ नंतर वारे फिरले आणि ही कमाई आटली. ज्या घराचा खर्च दागिने विकून चालतो, त्या घराला आपण सुखवस्तू म्हणत नाही. बँकेच्या बाबतीतही नफा व्याजाचा की विक्रीचा, हे पाहावे.

पत्रकात सारेच दिसते असेही नाही. सातारा जिल्ह्यातीलच बँक ऑफ कराड १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बुडाली. पाठीशी रोखे नसताना तिच्या नावाने बँक-पावत्या दिल्या गेल्या होत्या. जे पुस्तकात लिहिलेच नाही, ते वाचणार कोण? परंतु ते अपवादाचे दुखणे. सावकाश जडणारे दुखणे पत्रकात आधी दिसते, पाटी मागाहून उतरते.

अहवाल हाती आला म्हणजे

मग घरी बसून काय पाहावयाचे? लाभांशाच्या पानावरून सरळ नफा-तोटा पत्रकावर यावे. मिळालेल्या व्याजातून दिलेले व्याज वजा करावे आणि उरलेल्या रकमेशी कामकाजाचा खर्च ताडून पाहावा. खर्च त्या रकमेहून अधिक असेल, तर बँक आपल्या मुख्य धंद्यावर उभी नाही. तरतुदींचा आकडा मागील वर्षाशेजारीच छापलेला असतो. तो का वाढला, हे सभेत विचारावे. थकीत कर्जे वाढत असताना तरतुदी घटून नफा वाढला असेल, तर तो नफा संशयास्पद समजावा. शेवटी भांडवलाचे प्रमाण पाहावे. ह्याला अर्धा तासही लागत नाही.

आणि एक सांगावेसे वाटते. एखादी बँक शेजारणीपेक्षा टक्का-दीड टक्का अधिक व्याज देते म्हणून आपण हरखून जातो. परंतु आपले व्याज हा तिचा खर्च. तो भरून काढण्यास तिला कर्जदाराकडून जादा दर घ्यावा लागणार. आणि जादा दर बहुधा तोच कबूल करतो, ज्याला इतर कोणी दारात उभे करीत नाही. जास्तीचे व्याज आपण घेतो तेव्हा त्याची जोखीमही आपणच घेत असतो. फक्त ती पासबुकात छापलेली नसते.

सरकारने ठेवीदाराला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर देश हादरला, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळू लागला. तेव्हाची मर्यादा होती माणशी पंधराशे रुपये. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख रुपये झाली. हे संरक्षण एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवींना मिळून, व्याजासकट, असते. निवृत्तीची सारी रक्कम एकाच बँकेत ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

विलीनीकरणानंतर मावशीने आपली ठेव तशीच राहू दिली. पण त्या वर्षापासून तिच्या सहकारी बँकेचा अहवाल आला, की ती चष्मा पुसून आधी तरतुदींची ओळ शोधते. एकदा ती सभेत उभी राहिली आणि म्हणाली, “अध्यक्षमहाराज, लाभांश अर्धा टक्का कमी द्या, पण थकबाकीसाठी पैसा बाजूला काढा.” सभागृहात दोन मिनिटे शांतता पसरली, आणि मग पहिली टाळी वाजली ती व्यासपीठावर बसलेल्या हिशेबतपासनिसांची.