रंकाळा, अंबाबाई आणि परतीचा सूर्य

जोडीनं तळ्याकाठचं शहर बघायला लोक पार जिनिव्हाला जातात. जरूर जावं. पण वारणानगरच्या माणसाला वाठारमार्गे कोल्हापूर जवळ आहे, आणि तारीख नीट निवडली तर तिथं जे बघायला मिळतं, तसं जगात फार थोड्या ठिकाणी घडतं. आम्ही दोघं मुद्दाम 10 नोव्हेंबरला गेलो.

सकाळ रंकाळ्यावर निवांत काढली. जिनिव्हाचं सरोवर हिमनदीनं कोरलं. रंकाळा मात्र मुळात दगडाची खाण होती, असं सांगतात. घाटाच्या काळ्या दगडावर हात फिरवला की बारीक छिद्रं बोटांना लागतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, तो थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या या खुणा! पलीकडे 1931 ते 1934 या काळात बांधलेला शालिनी पॅलेस. पाणी ओसरलं की तळ्यातला संध्यामठ उघडा पडतो. इथल्या नंदीबद्दल जुनी माणसं सांगतात, की तो रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो.

नंदीचं श्रद्धेवर सोडू. पण सूर्य खरोखरच असा पुढं-मागं सरकतो, आणि अंबाबाईच्या देवळात ते डोळ्यांनी दिसतं.

देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोहोचतात. सूर्य जरा वर असताना उजेड अलीकडच्या फरशीवरच पडतो. तो खाली उतरतो तशी किरणं आडवी होत आत सरकतात, देवीच्या पायांना लागतात आणि मग वर चढू लागतात. गर्दीत टाचा उंचावून ती सोन्यासारखी पट्टी वर जाताना बघितली आणि अंगावर काटा आला.

बायको म्हणाली, "अहो, नोव्हेंबरचं कळलं. पण मग जानेवारीअखेर परत कसं काय?"

खरी गंमत तिथंच आहे. दिवाळीनंतर सूर्य रोज थोडा आणखी दक्षिणेला मावळतो. 21 डिसेंबरच्या सुमारास तो टोक गाठतो आणि मागं फिरतो. म्हणजे वाटेतल्या प्रत्येक जागेवरून तो दोनदा जातो. 10 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबरपर्यंत 41 दिवस, तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत 42. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी समाधीत सूर्योदयाचा किरण ऐन टोकाच्या दिवसांतच शिरतो, म्हणून तिथं वर्षातून एकच हंगाम. इजिप्तच्या अबू सिंबेलला 22 ऑक्टोबर आणि 22 फेब्रुवारी असे दोन. कोल्हापूर अबू सिंबेलच्या पंगतीतलं.

नोव्हेंबरच्या त्या दिवसांत मावळतीची जागा रोज साधारण 0.3 अंश सरकते, सूर्यबिंबाच्या निम्म्याहून थोडी जास्त. शंभर मीटर आत आलेला किरण त्यामुळं दुसऱ्या दिवशी अर्धा मीटर बाजूला पडतो. एवढ्याशा फरकावर सगळा सोहळा उभा आहे. म्हणूनच पश्चिमेला एखादी इमारत वाढली, क्षितिजावर ढग किंवा धुरकट हवा असली, तर किरणं अर्ध्या वाटेत विरतात. देवळाची पश्चिम मोकळी ठेवणं हे देवळाच्या डागडुजीइतकंच महत्त्वाचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

हे ताडून बघायला दर वेळी कोल्हापूरच गाठायला हवं असं नाही. वारणानगरला गच्चीवर एक जागा ठरवा आणि 10 नोव्हेंबरला सूर्य कुठल्या झाडाआड किंवा टाकीमागं बुडतो ते टिपून ठेवा. डिसेंबरभर तो डावीकडं लांब गेलेला दिसेल. 1 फेब्रुवारीला त्याच जागेवरून बघा, त्याच झाडाआड तो पुन्हा बुडेल.